आधी भिंतीला हात लावा!

पुढ्यात चकली-कडबोळ्यांचे ताट असताना मार्चच्या उन्हाचे गाऱ्हाणे कोण ऐकणार? तरी मांडतो. मी सोलापूरकडचा. मॅट्रिकपलीकडे मजल गेली नाही. शाळेत चित्रकला शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. इंजिनियरिंगच्या शिक्षणात या मास्तराने नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. खुपसणार! नववी ‘ब’च्या भट्टीत दुपारचे दोन तास माझेच असतात.

आमचा एक जुना विद्यार्थी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. शिमग्याला गावी आला आणि लॅपटॉप उघडून म्हणाला, “गुरुजी, प्रोजेक्टला आपल्याच शाळेचं सिम्युलेशन केलंय.” भिंतींची जाडी, खिडक्या, स्लॅब, मुलांची संख्या, सारे यंत्रात भरायचे, गावाच्या हवामानाची फाईल जोडायची, की वर्षाच्या 8760 तासांचे तापमान समोर हजर. एनर्जीप्लस हा त्यासाठीचा प्रोग्रॅम अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2001 साली बाहेर काढला. तो फुकट मिळतो. मी थक्क झालो, खोटे कशाला बोलू?

“खिडक्या उघड्या धरल्यास का रे?”

“हो गुरुजी, शाळेच्या वेळात सगळ्या.”

उत्तरेकडच्या खिडक्या चार वर्षे खिळे ठोकून बंद आहेत. पलीकडे खडी फोडण्याचे यंत्र आले, तेव्हापासून. पण त्याला हे कसे कळावे? शाळेचा नकाशा त्याने फोनवर मागवला होता. मग आम्ही प्रयोगशाळेतला थर्मामीटर आठ दिवस वर्गात टांगला. दुपारी खरी रेषा त्याच्या रेषेच्या चार अंश वर! मला वाटले, पोरगा खजील होईल. तो म्हणाला, “मार्क तर मिळाले, गुरुजी. 100 पैकी 88.”

माझे भांडण आहे ते इथे, आणि ते त्या पोराशी नाही. थंडगार एसीच्या खोलीत बसवून उकाड्याचे गणित शिकवणाऱ्यांशी आहे. ती हवामानाची फाईल वेगवेगळ्या वर्षांतले नमुनेदार महिने जोडून शिवलेली असते, तेव्हा गेल्या वर्षीची उष्णतेची लाट तीत सापडेलच असे नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. अमेरिकेतील ॲशरे या संस्थेचा दंडक असा, की महिन्यांच्या वीजबिलांशी ताडून पाहताना प्रतिकृतीची सरासरी चूक 5 टक्क्यांच्या आत हवी. तोही त्याच्या कानावर नव्हता. आणि हीच मुले उद्या इमारती पास करणार! 2007 साली आलेल्या, 2017 साली सुधारलेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने मोठ्या व्यापारी इमारतींना सिम्युलेशनच्या आधारे पात्र ठरण्याची वाट ठेवली होती.

यावर आमच्याकडची वडीलधारी म्हणतात, यंत्र हवेच कशाला, माळवदाच्या घरात आम्ही गारच होतो की! होतात ना. मग उन्हाळ्यात रात्री अंथरुणे घेऊन माळवदावर का पळत होतात? दिवसभर मुरलेली उष्णता रात्री खाली उतरे म्हणूनच ना? आणि साठ पोरांच्या वर्गावर ते ओझे घालायला तुळया कोण देणार? नाही, यंत्र हवेच. शाळा पूर्वेची दक्षिणेला फिरवून बघता येते ती त्यातच. आम्ही शिक्षक पडद्यांसाठी वर्गणी काढत होतो. पोराने अर्ध्या तासात दाखवले, की खरा चोर डोक्यावरचा स्लॅब आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: ज्या इमारतीचे सिम्युलेशन, तिच्यात विद्यार्थ्याने आठ दिवस थर्मामीटर टांगलाच पाहिजे. दोन्ही रेषा एका कागदावर आल्याशिवाय मार्क देऊ नका. सत्रात वेळ नाही म्हणे! रंगीत मुखपृष्ठाचा अहवाल बांधून घ्यायला मिळतो तो?

खिडक्या बंद धरून त्याने गणित पुन्हा चालवले, तेव्हा रेषा जवळ आल्या. मग स्लॅबला वरून चुना दिला, म्हणजे यंत्रात, आणि दुपारची रेषा खाली झुकली. चुन्याच्या पैशांसाठी मी शाळेकडे अर्ज दिला आहे. सोबत दोन्ही रेषांचा तो कागद जोडला आहे. अजून उत्तर नाही.