संप कसा मिटतो?

१४ मार्च २०२३ला कित्येक शाळांना कुलपं लागली. तुम्हाला गंमत वाटली असेल, पण दहावीच्या ताई-दादांचे पेपर चालू होते नि दवाखान्यात नर्स नव्हत्या! सगळे ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत रस्त्यावर.

भांडण कशाचं? १ नोव्हेंबर २००५च्या आधी नोकरीला लागलेल्यांना निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन. नंतरच्यांचे पैसे बाजारात गुंतवतात. म्हातारपणी हाती किती पडतील, भरवसा नाही. (मीही नंतरचाच!)

आता माहूरचा एकटा तलाठी मंत्रालयात गेला, तर त्याचं कोण ऐकणार? म्हणून संघटना बोलते. सरकार म्हणतं, तिजोरीत रस्त्यांचा, शेतकऱ्यांचाही वाटा आहे. तेही खोटं नाही. मग आजी भाजीवालीशी करते तशी घासाघीस! १९७७ला सुरू झालेला संप तर ५४ दिवस चालला होता.

यावेळी सातव्या दिवशी, २० मार्चला, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी बोलणी होऊन संप मिटला. जुनी पेन्शन काही जशीच्या तशी मिळाली नाही. ऑगस्ट २०२४मध्ये मंत्रिमंडळानं दुसरी योजना मंजूर केली. २५ वर्षं नोकरी झाली, तर निम्म्या पगाराची हमी. पण पगारातली दरमहाची कपात तिच्यातही आहेच.