बुरशी मरते, पण कुठे?

सिएटलजवळच्या बेलव्ह्यूचा हिवाळा ओला. पाऊस लागला की खिडकीच्या चौकटीत काळी बुरशी धरते, दिवसभर बंद बुटांत राहिलेल्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मग मराठी घरांत ठरलेला सल्ला फिरतो: टी-ट्री तेलाचे दोन थेंब लावा, डिफ्यूझरमध्ये लवंगेचं तेल घाला. नैसर्गिक म्हणून निर्धोक, बुरशीवर जालीम, शिवाय अँटिऑक्सिडंट! यातला मधला दावा अर्धा खरा आहे. उरलेले दोन खोडून काढलेच पाहिजेत.

लवंगेतलं युजेनॉल परीक्षानळीत ऑक्सिडीकरण रोखतं, यात वाद नाही. पण नळीतला गुण शरीरात तसाच उतरतो हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. अमेरिकी कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली आकडेवारी 2012 मध्ये मागे घेतली. त्याहून कठोर पुरावा तर बेलव्ह्यूसमोर, तलावापलीकडच्या सिएटलमध्येच आहे. तिथल्या फ्रेड हचिन्सन केंद्राच्या समन्वयाने झालेल्या ‘कॅरेट’ चाचणीत 18,314 जण होते. काही धूम्रपान करणारे, काही अ‍ॅसबेस्टॉसच्या संपर्कात आलेले. त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास लोकांना बीटा-कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व दिलं गेलं. जानेवारी 1996 मध्ये हे प्रयोग-औषध मुदतीच्या 21 महिने आधी बंद करावं लागलं, कारण ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 28 टक्क्यांनी आणि मृत्यू 17 टक्क्यांनी जास्त आढळले. बीटा-कॅरोटीन हे सुगंधी तेल नव्हे, मान्य. पण ‘अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे हितकरच’ हा तर्क तिथेच कोसळला. निर्धोकपणाचं म्हणाल, तर निलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात.

आता बुरशी. चिखल्यांवर टी-ट्री तेलाच्या चाचण्या झाल्या आहेत. 1992 च्या चाचणीत 10 टक्के तेलाच्या मलमाने खाज-जळजळ कमी झाली, पण बुरशी घालवण्यात ते औषधविरहित मलमाहून सरस ठरलं नाही. 2002 मध्ये 50 टक्के द्रावणाने 64 टक्के रुग्णांची बुरशी गेली. तेल नसलेल्या द्रावणाने 31 टक्क्यांची. काहींची त्वचाही त्या तेलाने सुजली. म्हणजे सगळा खेळ तीव्रतेचा आहे, आणि खोबरेलात टाकलेल्या दोन थेंबांत ती नसते. खिडकीवरची बुरशी ओलीवर जगते. ओल तशीच ठेवून वास बदलल्याने काय होणार?

म्हणून ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यांचं तरी कुठे खरं आहे? ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, रोशा गवतातलं जिरॅनिऑल बुरशीच्या पेशीचं आवरणच फोडतात. युरोपीय संघाने 2013 मध्ये या तिघांना पीकसंरक्षणासाठी मान्यता दिली, आणि द्राक्षांवरच्या करड्या बुरशीविरुद्ध त्यांचं मिश्रण फवारलं जातं. तिथे मात्रा मोजलेली असते, तेल सूक्ष्म वेष्टणात बंद करून हळूहळू सुटेल असं केलेलं असतं. या तेलांची खरी जागा ही आहे, आणि मला तिचा मनापासून अभिमान वाटतो, कारण रोशाचं तेल खानदेशात पिढ्यानपिढ्या गाळलं गेलं आहे.

तेव्हा बेलव्ह्यूकरांनो, घरातली ओल काढा, चिखल्या हटत नसतील तर डॉक्टरांना दाखवा, तेलाची बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि या तेलांवर खरंच प्रेम असेल, तर नाशिकच्या द्राक्षबागांत त्यांच्या रीतसर चाचण्या व्हाव्यात यासाठी पैसे द्या.