थोरल्या लेकीची शाखा



ऑकलंड शहराच्या सँडरिंगहॅम ह्या उपनगरात रविवारची संध्याकाळ बहुधा शांत असते. त्या दिवशी सँडरिंगहॅम रस्त्यावरील भारतीय दुकानांतून पोहे, नारळ आणि कोथिंबीर घेऊन मी घरी परतले, तेव्हा माझी भाची दूरदर्शन संचासमोर बसली होती. ती येथील विद्यापीठात शिकते व माझ्याकडेच राहते. पडद्यावर एका अंध राणीचा राज्यारोहण-समारंभ चालला होता. इतक्यात एक प्रचंड गरुड उतरला आणि तिच्या चुलतभावाने तो आपल्यालाच झालेला शुभशकुन ठरविला. माझी चाहूल लागताच भाचीने विचारले, "मावशी, गादीवर खरा हक्क कोणाचा? हिचा की ह्याचा?"

मालिकेचे नाव 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द रिंग्ज ऑफ पॉवर'. तिच्या पहिल्या भागमालेचे चित्रीकरण २०२० व २०२१ साली आमच्या ऑकलंडातच, हेंडरसन आणि कुमेऊ येथील चित्रनगरींत झाले व ती सप्टेंबर २०२२ मध्ये दाखविली गेली. पुढे निर्मात्यांनी आपला मुक्काम इंग्लंडात हलविला आणि दुसरी भागमाला ऑगस्ट २०२४ मध्ये आली. मालिका मी नेमाने पाहत नाही. परंतु तिचे मूळ ज्या ग्रंथात आहे तो जे. आर. आर. टॉल्किन यांचा ग्रंथ अध्यापक विद्यालयात असताना मी वाचला होता. १९५५ साली निघालेल्या त्याच्या तिसऱ्या खंडाच्या शेवटी राजघराण्यांच्या इतिहासाची परिशिष्टे आहेत. मालिकेचा डोलारा मुख्यत्वे त्या परिशिष्टांवरच उभा आहे.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र आम्हांस विद्यालयात घोकून घेतले होते. तेव्हा मी एक कोरा कागद घेतला आणि त्याच्या तळाशी आरागॉर्नचे नाव लिहिले. न्यूझीलंडमध्येच चित्रित झालेल्या जुन्या तीन चित्रपटांमुळे तो भाचीच्या परिचयाचा होता. कागदाच्या माथ्यावर लिहिले एलरॉसचे नाव. नूमेनोर नामक बेटाचा हा पहिला राजा. त्याचा जुळा भाऊ एलरॉन्ड ह्याने अमरत्व पत्करले. एलरॉसने मर्त्य माणसाचे जिणे निवडले आणि ४१० वर्षे राज्य केले. ह्या दोन नावांमधील रेषा कोठून जाते, एवढेच आता पाहावयाचे होते.

मुलगी म्हणाली, "सरळच जात असेल. बापाकडून मुलाकडे."

चौथ्या राजापर्यंत ती तशी जाते खरी. ह्या चौथ्या राजास तीन अपत्ये होती. थोरली सिल्मारिएन, मधली इसिल्मे, आणि ह्या दोघींच्या पाठचा मुलगा मेनेल्डुर. त्या काळच्या प्रथेनुसार राजदंड मुलाकडेच जाई. त्यामुळे थोरली मागे राहिली व धाकटा राजा झाला. पित्याने सिल्मारिएनला एक जुनी अंगठी दिली. ती बाराहिर नावाच्या पूर्वजाची होती. पुढे तिचा विवाह बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आंडूनिए येथे झाला व तेथे तिच्या मुलापासून सरदारांचे एक घराणे सुरू झाले. राजघराण्याच्या मुख्य रेषेपासून तिची शाखा मी कागदाच्या कडेला वळविली.

गंमत अशी की, तिच्यानंतर अवघ्या दोन पिढ्यांत प्रथा बदलली. सहाव्या राजास आंकालिमे ही एकच कन्या होती. तेव्हा मुलगा असो वा मुलगी, राजाचे ज्येष्ठ अपत्य हेच वारस, असा कायदा करण्यात आला आणि आंकालिमे पहिली राज्यकर्ती राणी झाली. सिल्मारिएनला मात्र ह्या कायद्याचा काही उपयोग झाला नाही. मागील अन्यायाची भरपाई करण्याची तरतूद त्यात नव्हती.

आता भाचीच्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे झाले. पडद्यावरील राणी मीरिएल ही राजा पालांतिर याची एकुलती एक कन्या. फाराझोन हा पालांतिरच्या धाकट्या भावाचा मुलगा. कायद्याने राजदंड निःसंशय मीरिएलचा. मूळ कथेत फाराझोन तिच्या इच्छेविरुद्ध तिच्याशी विवाह लावतो आणि राजदंड आपल्या हाती घेतो. त्याच्याच उन्मत्तपणामुळे अखेर नूमेनोर समुद्रात बुडते व राजांची मुख्य रेषा तेथे संपते.

"मग आरागॉर्न कोठून आला?" भाचीने विचारले.

मी पेन्सिल कागदाच्या कडेस नेली. बेट बुडण्यापूर्वी नऊ जहाजे घेऊन निसटलेला एलेंडिल आणि त्याचे पुत्र इसिल्दुर व आनारिऑन हे आंडूनिएच्या घराण्यातले, म्हणजे थोरल्या लेकीच्या शाखेतले. आर्नोर व गोंडोर ही दोन्ही राज्ये त्यांनी वसविली. राजदंड बुडाला, पण सिल्मारिएनला मिळालेली ती अंगठी हातोहात पुढे जात राहिली आणि अनेक पिढ्यांनंतर आरागॉर्नच्या बोटात आली.

ह्या वंशावळीत तोच प्रसंग पुन्हा एकदा उद्भवतो. गोंडोरचा राजा व त्याचे दोन्ही पुत्र रणांगणी पडले. मागे राहिली कन्या फीरिएल. उत्तरेतील राजपुत्र आर्वेदुई हा तिचा पती. आपण स्वतः इसिल्दुरचे वंशज आहोत आणि नूमेनोरच्या कायद्याने पत्नीचाही हक्क आहे, ह्या दोन आधारांवर त्याने गोंडोरच्या मुकुटावर हक्क सांगितला. दरबाराने तो फेटाळला. मुकुट आनारिऑनच्या पुत्रवंशाचाच, असे उत्तर दिले आणि राजकुळातील एका विजयी सेनापतीस गादीवर बसविले. त्याचा पुत्र निपुत्रिक गेला. त्यानंतर जवळजवळ हजार वर्षे गोंडोरचे सिंहासन रिकामे होते. शेवटी जो राजा आला, तो आर्वेदुई आणि फीरिएल यांचाच वंशज होता. दरबाराने नाकारलेली लेकीची शाखाच गादीवर बसली.

हे सर्व कल्पित आहे, हे मी जाणते. परंतु आपणां वाचकांस ह्यावरून गणना ह्या पुस्तकाचा २७ वा अध्याय आठवल्याखेरीज राहणार नाही. मनश्शे वंशातील सलाफहाद अरण्यात मरण पावला. त्यास पुत्र नव्हता. त्याच्या पाच कन्या मोशेपुढे उभ्या राहिल्या व पित्याचा वाटा त्यांनी मागितला. त्यांचे म्हणणे यथार्थ ठरले आणि सर्व इस्राएलासाठी नियम झाला. त्याच पुस्तकाच्या अखेरीस त्यांच्यावर एक अट घातलेली आहे, हेही सांगितले पाहिजे: विवाह आपल्याच वंशात करावा. मात्र वर निवडण्याची मोकळीक त्यांना होती. मीरिएलला तीही मिळाली नाही. आणखी एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून महत्त्वाची वाटते. शास्त्राने 'सलाफहादाच्या मुली' एवढ्यावर भागविलेले नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा अशी पाचही नावे लिहून ठेवली आहेत.

वंशावळ विचारणारे दोन प्रकारचे असतात. १९३८ साली जर्मनीतील पॉट्सडॅम येथील एका प्रकाशनसंस्थेला टॉल्किन यांच्या 'हॉबिट' ह्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद काढावयाचा होता. तिने लेखकाकडे आर्यवंशीय असल्याची ग्वाही मागितली. टॉल्किन यांनी उत्तराचे दोन मसुदे केले. त्यांपैकी एकात त्यांनी असे कळविले की, आपण यहुदी आहोत काय असे विचारावयाचे असेल, तर त्या गुणवान लोकांपैकी आपला कोणी पूर्वज दिसत नाही, ह्याचा आपणांस खेद वाटतो. आपल्या जमातीसही हा प्रश्न अपरिचित नाही. १९६२ साली इस्राएलात विवाहेच्छू बेने इस्राएलांच्या मागील पिढ्यांची चौकशी करण्याचे आदेश निघाले आणि १९६४ साली, मोठ्या आंदोलनानंतर, आपण सर्व बाबतींत यहुदीच आहोत असे तेथील संसदेत स्पष्ट करावे लागले. दाराबाहेर ठेवण्यासाठी वंशावळ विचारणारे असे असतात.

दुसरा प्रकार मी येथील शाळांत पाहिला. माओरी मूल स्वतःची ओळख करून देताना आधी आपला डोंगर, आपली नदी, पूर्वजांची होडी ह्यांची नावे घेते. स्वतःचे नाव शेवटी सांगते. ऐकणाऱ्यास त्या मुलाशी आपले नाते कोठे जुळते हे कळावे, असा त्यातील हेतू असतो. पेणकर, रोहेकर, नवगावकर म्हणविणाऱ्या आपणांस ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

कागदावरचा वंशवृक्ष पुरा झाल्यावर भाची म्हणाली, "मावशी, आपल्या घराण्याचा आहे का असा?"

आहे. वडिलांची एक वही माझ्याजवळ आहे. तीत सात पिढ्या त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिलेल्या आहेत. मी ती कौतुकाने काढून दिली. मुलीने पाने उलटली, शेवटच्या पानावर थांबली आणि म्हणाली, "ह्यात आई कोठे आहे? तू कोठे आहेस?"

मी पाहिले. माझ्या भावाचे नाव होते. त्याच्या शेजारी लिहिले होते, 'कन्या २'. मागील पानांवरही तसेच: 'कन्या १', 'कन्या ३'. आजीच्या ठिकाणी तिच्या सासरचे नाव होते, माहेरचे नव्हते. तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला, ही वही कितीदा तरी हाताळली, आणि ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. वडिलांस दोष देणार नाही. त्यांच्या पुढील वह्याही तशाच होत्या.

त्या रात्री आम्ही दोघींनी भारतात व इस्राएलात दूरध्वनी केले. माझ्या थोरल्या आत्याने नव्वदीच्या घरात असूनही चार पिढ्यांतील अकरा स्त्रियांची नावे व त्यांची माहेरची गावे न अडखळता सांगितली. तिला ती पाठ होती. आजवर कोणी विचारले नव्हते, इतकेच. भाचीने ती वहीत पेन्सिलीने उतरविली आहेत. दोन नावांविषयी खात्री करून घेतली, की शाईने लिहू.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी वही असेल, त्यांनी ती एकदा उघडून पाहावी, आणि ज्या वृद्ध स्त्रियांस ही नावे ठाऊक आहेत त्यांना येत्या सणापूर्वी विचारून घ्यावे. माझ्या आत्याने ह्या आठवड्यात आणखी एक नाव कळविले आहे.