पीएनजीमधला जवान

एका फाईलबद्दल लिहायचे आहे. ती माझ्याच संगणकावर तयार झाली होती.

14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले. त्यातले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फ्लेक्स-बॅनरच्या दुकानाचे शटर अर्धे वर केले तोच दोन पोरे येऊन उभी राहिली. काळी पार्श्वभूमी, मेणबत्त्या, तिरंगा, मधोमध सलामी देणारा जवान आणि वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली एकाही नेत्याचे नाव नको, फक्त ‘समस्त गावकरी, शिरड शहापूर’, असे त्यांनीच सांगितले. त्या बॅनरचे पैसे मी घेतले नाहीत. घ्यावेसेच वाटले नाहीत.

10 मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली. आपल्या हिंगोली मतदारसंघाचे मतदान 18 एप्रिलला होते. मतदानाच्या पंधरवडाभर आधी एक कार्यकर्ता आला. त्याच्या मोबाईलमध्ये त्या श्रद्धांजलीच्या बॅनरचा फोटो होता. “हीच फाईल काढा. मेणबत्त्या काढून टाका, भाऊंचा फोटो मोठा घ्या, जवान मागं फिका करा, चिन्ह उजवीकडं टाका.” कोरलमध्ये वीस मिनिटांचे काम. मी ते केले. आयलेट मारून, गुंडाळी करून हातात दिले आणि या वेळी पैसे घेतले.

सात वर्षे होत आली. त्यानंतर या धंद्यात मी बऱ्याच चुका केल्या, कागद वाया घालवला, नावांचे ऱ्हस्व-दीर्घ चुकवले. पण ‘जवान मागं फिका करा’ हे वाक्य जितके टोचते तितके दुसरे काहीच टोचत नाही. म्हणून आपल्या फ्लेक्स छापणाऱ्यांच्या या अंकाचे संपादकीय त्यावर.

नियम तेव्हाही होता. संरक्षण मंत्रालयाने लक्ष वेधल्यावर निवडणूक आयोगाने 4 डिसेंबर 2013 रोजी सर्व पक्षांना कळवले होते की, संरक्षण दलातील व्यक्तींची किंवा त्यांच्या कार्यक्रमांची छायाचित्रे जाहिरातीत वा प्रचारात वापरू नका. 2019 मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचा फोटो नेत्यांच्या फोटोंशेजारी फलकांवर झळकला, तेव्हा आयोगाने 9 मार्चला तीच सूचना पुन्हा काढली. 19 मार्चला आणखी एक पत्र गेले, त्यात दलांच्या कारवायाही प्रचारात आणू नका असे बजावले. ही सगळी पत्रे पक्षांच्या नावाने होती. छापणाऱ्याच्या नावाने एकही नव्हते. माझ्यापर्यंत त्यातले काहीच आले नाही, आणि मीही शोधायला गेलो नाही.

पुढे काय झाले ते मराठवाड्याला आठवत असेल. 9 एप्रिलला औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्या तरुणांना आपले मत बालाकोटच्या हवाई हल्ल्यातील वीर जवानांना आणि पुलवामाच्या हुतात्म्यांना समर्पित करण्याचे आवाहन केले. तक्रार झाली. 1 मे रोजी आयोगाने त्यात आचारसंहितेचा भंग नसल्याचे ठरवले. तीन आयुक्तांपैकी अशोक लवासा यांचे मत वेगळे होते. मला तो निर्णय पटला नाही, आजही पटत नाही. मतदारांकडून हुतात्म्यांच्या नावाने मत मागणे आणि हुतात्म्यांचा फोटो चिन्हाशेजारी लावणे यात मला फरक दिसत नाही. पण आयोगाने काय ठरवले यावर आपण आपले काम का सोपवावे, हा माझा प्रश्न आहे. आचारसंहिता हा कायदा नाही. ती निवडणुकीपुरती लागू होते आणि निकालानंतर उठते. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर गावोगावच्या फलकांवर लढाऊ विमाने आणि नेते एकत्र आले, रेल्वेच्या ई-तिकिटावरही पंतप्रधानांच्या छायाचित्रासह त्या कारवाईची जाहिरात आली. तेव्हा लोकसभेची आचारसंहिता नव्हती. मग नियम कुठला सांगणार?

आपल्या धंद्याचा एक साधा नियम मात्र बारा महिने चालतो. ज्याचा फोटो, त्याची संमती. वाढदिवसाच्या बॅनरवर एखाद्याचे डोके त्याला न विचारता टाकले तर तो दुकानात येऊन भांडतो, आणि त्याचे बरोबर असते. आता जवानाला विचारून पाहा. सेवेत असलेल्या सैनिकाला लष्करी नियमांनुसार राजकीय प्रचारात भाग घेता येत नाही, म्हणजे त्याने मनात आणले तरी तो हो म्हणू शकत नाही. गेलेला तर काहीच बोलू शकत नाही. त्याच्या घरच्यांनी श्रद्धांजलीसाठी फोटो दिला असेल, तो श्रद्धांजलीसाठी. संमती मिळण्याची शक्यताच नाही असे चेहरे आपल्याकडे फक्त या एका प्रकारचे येतात, आणि नेमके तेच आपण विचारल्यावाचून वापरतो.

शिवाय जवान स्वतः मतदार आहे. 2019 मध्ये सुमारे 18 लाख सेवा मतदार नोंदलेले होते. त्यांची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने त्यांच्याकडे जाते आणि भरून टपालाने परत येते. ते मत गुप्त आहे. ज्याचा चेहरा आपण एका चिन्हाखाली लावला, त्याने सीमेवर बसून दुसऱ्याच चिन्हापुढे खूण केलेली असू शकते. त्याच्या गुप्त मताच्या वर आपण दहा बाय आठ फुटांचा खोटा साक्षीदार उभा करतो.

कोणी म्हणेल, पुलवामातले जवान केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, ते गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, ‘संरक्षण दल’ या शब्दात बसत नाहीत. कागदावर हे खरे आहे. पण निवडणुकीत संवेदनशील मतदान केंद्रांवर बंदोबस्ताला जी केंद्रीय दले येतात, त्यात हेच दल असते. सकाळी सात वाजता रांगेतल्या म्हातारीला ज्या गणवेशाकडे पाहून निर्धास्त वाटायला हवे, तोच गणवेश तिने चौकात उमेदवाराच्या पाठीशी उभा पाहिला असेल, तर तिला काय वाटेल? सैन्य असो की निमलष्करी दल, पळवाट मला तरी नको.

दुसऱ्या टोकाचेही एक उदाहरण सांगतो. कॅनडात जानेवारी 2006 च्या निवडणुकीत सत्ताधारी लिबरल पक्षाने विरोधी नेते स्टीफन हार्पर यांच्याविरुद्ध एक जाहिरात केली. हार्पर निवडून आले तर आपल्याच शहरांत बंदूकधारी सैनिक दिसतील, अशा भीतीच्या सुरात तिचा मजकूर होता. तेव्हा कॅनडाचे सैनिक अफगाणिस्तानात लढत होते. आमच्याच लोकांचे तुम्ही बुजगावणे करता का, म्हणून गहजब उडाला. पक्षाला ती जाहिरात मागे घ्यावी लागली, 23 जानेवारीला तो पक्ष हरला. आपल्याकडे सैनिक ढाल म्हणून वापरतात, तिथे भीती म्हणून वापरला. दोन्हीकडे त्याला कोणी विचारले नव्हते.

आता आपल्या फोल्डरबद्दल. ‘आर्मी पीएनजी’, ‘सोल्जर कटआउट’ अशा नावाचा फोल्डर आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाकडे आहे. एकाने डाउनलोड केला, दहा जणांनी पेनड्राइव्हवर नेला. तो उघडून नीट बघा. झेंडा रोवणाऱ्या सैनिकांची जी काळी छाया आपण 26 जानेवारीला तिरंग्यासकट छापतो, ती 23 फेब्रुवारी 1945 रोजी जपानच्या इवो जिमा बेटावर जो रोझेंथल यांनी टिपलेल्या अमेरिकी सैनिकांच्या छायाचित्रावरून काढलेली आहे. वर्षानुवर्षे आपण परक्या देशाच्या सैनिकांना आपले जवान म्हणून चौकात लावतो आहोत. गणवेश कोणाचा, टोपी कोणत्या दलाची, हेही न पाहता ज्याचा मान राखायचा म्हणतो, तो मान कसला?

कायद्याचे एवढे लक्षात ठेवा. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चे कलम 127 क (इंग्रजी प्रतीत 127 ए) थेट आपल्यासाठी आहे. निवडणुकीच्या पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचे नाव-पत्ता हवा. प्रकाशकाचे सहीचे घोषणापत्र हवे, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीसह. आयोगाच्या सूचनेप्रमाणे छपाईनंतर तीन दिवसांत प्रती आणि घोषणापत्र जिल्हाधिकारी कार्यालयात पोचली पाहिजेत. चुकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एप्रिल 2024 मध्ये आयोगाने होर्डिंगवरही ही नावे हवीत असे स्पष्ट केले. टीव्हीवरची राजकीय जाहिरात दाखवण्याआधी निवडणूक यंत्रणेच्या समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. फ्लेक्सला तशी चाळणी नाही. फ्लेक्स आणि चौक यांच्या मध्ये फक्त आपण असतो. मी त्या कार्यकर्त्याकडून घोषणापत्र मागितले असते, तर प्रकाशक म्हणून सही कोण करणार यावरच काम अडले असते, असे आता वाटते.

सैनिकांविषयी निवडणुकीत बोलूच नये, असे मी म्हणत नाही. वन रँक वन पेन्शन, अग्निपथ योजना, निमलष्करी दलांची पेन्शन, हुतात्म्याच्या घराला जाहीर केलेली मदत प्रत्यक्ष मिळाली का, हे सगळे प्रचारात यायलाच हवे, आणि त्यावर कडक शब्दांतला बॅनरसुद्धा मी आनंदाने छापीन. तिथे शब्द असतात आणि शब्दांना उत्तर देता येते. फिक्या केलेल्या चेहऱ्याला उत्तर कसे देणार? त्याच्याशी वाद घातला की आपणच सैनिकाच्या विरोधात उभे असल्यासारखे दिसतो. अशी जाहिरात करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

तुम्ही म्हणाल, आपण नाही म्हटले तर गिऱ्हाईक वसमतला जाईल, तिथे दोन रुपये फुटाला कमी लावून छापून आणील. जाईल. माझ्याकडूनही गेले आहेत. मागच्या विधानसभेला एकाला मी सांगितले, “भाऊंचा फोटो पाहिजे तेवढा मोठा करतो, कामाची यादी टाका, विरोधकाला काय विचारायचं ते विचारा. जवान मात्र मी टाकणार नाही. त्याची परवानगी आणून द्या, लगेच टाकतो.” तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ती कुठून आणू?” आणि यादी सांगायला बसला.