हात लावू नये

पाटी आधी दिसली. वाद्यं नंतर. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरं : हात लावू नये.

दोस्तहो, ही पाटी आपल्याला नवी नाही. आपल्या बापजाद्यांना अक्षरओळख नव्हती तेव्हाही ती वाचता येत होती. पाणवठ्यावर वाचली, देवळाच्या पायरीवर वाचली, हॉटेलातल्या वेगळ्या ठेवलेल्या कपावर वाचली. पण हलगीवर? जिचं कातडं आम्ही सोललं, भिजवलं, ताणलं, जाळावर शेकलं, त्या हलगीला आमचाच हात लागू नये?

मी न्हावा-शेव्याला कंटेनर खाली करतो. मांगाचा पोरगा. दहावी पास. कविता लिहितो, त्याचे पैसे मिळत नाहीत. पेट्या उचलतो, त्याचे मिळतात. एक खाडा टाकला की हजेरी बुडते. तरी जानेवारीत चार खाडे टाकून गावाकडं आलो होतो. चुलतभाऊ म्हणाला, "चल की धाराशिवला. जुन्या गिटारी अन् मशिनी मांडल्यात म्हणं. बगून तर येऊ." तो बेंजो वाजवतो. लग्नात, वरातीत आणि १४ एप्रिलला. मशीन म्हंजे अॅम्प्लिफायर. आमच्याकडं सगळे मशीनच म्हणतात.

पुण्याकडच्या एका हौशी माणसानं मंगल कार्यालयात दोन दिवस आपला साठा मांडला होता. त्याचं नाव सांगत नाही. माणूस वाईट नव्हता. चहा विचारला. वाईट माणसाशी भांडण सोपं असतं, अशा माणसाशी अवघड.

एका अंगाला गिटारी. फेंडर, गिब्सन. त्यांच्यामागं काचेच्या वॉल्व्हचे अॅम्प्लिफायर, लाकडी खोकी, पुढं मळकट जाळीचं कापड. मधल्या टेबलावर ग्रामोफोन, रेडिओ, टुरिंग टॉकीजचा कर्णा. आणि सगळ्यांत शेवटी, संडासाकडं जाणाऱ्या दारापाशी, 'लोकवाद्ये' : संबळ, तुणतुणं, हलगी. गावकुसाबाहेरची जागा मंगल कार्यालयातही बरोबर सापडते.

आता चिठ्ठ्या वाचा. गिटारीच्या चिठ्ठीवर कंपनी, मॉडेल, साल, सिरियल नंबर, कुणाकडून घेतली, कुठला स्क्रू बदलला. हलगीच्या चिठ्ठीवर : "हलगी. ग्रामीण तालवाद्य. मराठवाडा. काळ अज्ञात."

अज्ञात! स्क्रूला जन्मदाखला आहे, आमच्या वाद्याला बाप नाही. आपल्या जिल्ह्यात तेरच्या संग्रहालयात जा. सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. राजवंश ठाऊक, माती मळणाऱ्याचं नाव नाही. उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे, मटणासाठी आणि कातड्यासाठी. शेळीला नाव आहे. तिच्या कातड्यातून आवाज काढणाऱ्याला नाही.

मी त्या हलगीपुढं बराच वेळ उभा राहिलो. आमच्या आज्ज्याची हलगी तो वारल्यावर घरातून गेली, चुलत्यानं भंगारवाल्याला दिली. ही तीच का? लोखंडी कडं तसंच होतं, एका जागी ठोकून सरळ केल्यासारखं. पण सांगता येईना. हलगीवर नाव नसतं. भावाचा हात आपसूक पुढं गेला. कातड्यावर टिचकी मारली. ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. लगेच मागून, "हात नको, प्लीज." भाऊ म्हणाला, "साहेब, शेकली न्हाई हिला. जाळावर धरल्याबिगर बोलत नसती ही." तो माणूस हसला. म्हणाला, "वाजवायची नाहीच आहे. जपायची आहे."

इथंच माझं भांडण सुरू होतं.

वॉल्व्हचा अॅम्प्लिफायरही तापल्याशिवाय बोलत नाही. वीज द्यावी लागते, काचेच्या आत तांबूस उजेड पडेपर्यंत थांबावं लागतं. हलगीला जाळ, मशीनला वीज. दोघंही तापायची वाद्यं, आणि त्या हॉलमध्ये दोघंही गार. जपणं म्हंजे गार करणं? मग मढं जपतात ते काय?

गिटारींना सिरियल नंबर आहे म्हणून त्यांचं भलं झालं असं समजू नका. त्यांच्या चिठ्ठीवरही कारखान्याचं नाव आहे, घाम गाळणाऱ्याचं नाही. अमेरिकेच्या मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांची पोरं केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणायची, खाली बाटली सारायची आणि वाजवायची. डिडली बो म्हणतात त्याला. एक तार. आपलं तुणतुणं काय वेगळं आहे? मडी वॉटर्स असाच कापसाच्या मळ्यातला. १९४३ साली मळा सोडून शिकागोला गेला, कारखान्यात राबला, ट्रक चालवला. शिकागोच्या गोंगाटी दारूच्या गुत्त्यांत साध्या गिटारीचा आवाज पोचेना, म्हणून त्यानं विजेची गिटार धरली. आपली माणसं मराठवाड्यातून मुंबईला गेली तशीच ही गोष्ट आहे. गावात हळू बोलावं लागतं. शहरात हळू बोललेलं ऐकू येत नाही.

आणखी एक ऐका. १९५१ साली मेम्फिसमध्ये आइक टर्नरच्या टोळीनं 'रॉकेट एटी-एट' नावाचं गाणं रेकॉर्ड केलं. वाटेत अॅम्प्लिफायरचा स्पीकर बिघडला होता. नवा घ्यायला पैसे कुठले? आत कागद कोंबला आणि वाजवलं. आवाज फाटका आला. तोच फाटका आवाज पुढं साऱ्या जगाला हवासा झाला. मार्शलनं १९६२ साली लंडनमध्ये मशीन काढलं, आणि पुढं गोरी पोरं ते शेवटपर्यंत पिळून तोच फाटका आवाज काढू लागली. १९५८ ते १९६० मध्ये गिब्सननं काढलेल्या लेस पॉल गिटारी तेव्हा खपेनात म्हणून बंद केल्या. आज तीच एकेक गिटार कोटींत जाते. २०२० साली कर्ट कोबेनची एक गिटार ६० लाख डॉलरला लिलावात गेली. भिंतीवरच्या तारेचा लिलाव कुणी केला नाही. भिंतच उरली नाही.

बेंजोचंही तेच. आपल्या गल्लीतला बेंजो, टाइपरायटरसारख्या खटक्यांचा, मुळात जपानी वाद्यावरून आलेला, बुलबुलतरंग. पण 'बेंजो' हे नाव काळ्या गुलामांच्या वाद्याचं. आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलेल्या माणसांनी भोपळ्याला कातडं आणि तारा लावून केलेलं वाद्य. १९६६ मध्ये ओकलंडच्या काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर काढली, १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर. नाव तेव्हा घेतलं. पण तारेचं आणि कातड्याचं नातं त्याआधीचं आहे.

आणि आता घरचं सांगतो.

तीन वर्षांमागं १४ एप्रिलला गावात मिरवणूक होती. भावानं बेंजोला पिकअप लावून तो मशीनला जोडला होता. मशीन सेकंडहँड, हप्त्यानं घेतलेलं. टेम्पोवर दोन स्पीकर. संध्याकाळचे सात वाजले होते. २००० सालचे ध्वनीचे नियम मला पाठ आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सात म्हंजे सात. वेशीपाशी टेम्पो अडवला. "हिथून पुढं वाजवायचं न्हाई." का? उत्तर नाही. आधी वायर कापली, मग दगड आला. स्पीकरचा पुठ्ठा मधोमध फाटला. पंचनाम्यात लिहिलं : किरकोळ नुकसान. त्या किरकोळाचे हप्ते भाऊ अजून फेडतोय.

आम्ही वाचलो. २०१५ साली शिर्डीत मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली म्हणून एका पोराला मारून टाकलं. २०२३ च्या जूनमध्ये नांदेडजवळ बोंढार हवेलीत एका पोराचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग होता, असं फिर्यादीत आहे. रिंगटोन! खिशातल्या एवढ्याशा स्पीकरचा आवाज. तोही वेशीला खपत नाही.

भावानं हे सगळं त्या हौशी माणसाला सांगितलं. त्यानं मनापासून ऐकलं. हळहळला. आणि मग काय म्हणाला? "ते मशीन आहे अजून? आणि फाटलेला स्पीकर? मला द्याल का? चांगले पैसे देतो. फक्त दुरुस्त करू नका, पुसूही नका. आहे त्या अवस्थेत हवं."

आहे त्या अवस्थेत! आमची अवस्था आहे तशीच सगळ्यांना हवी असते. गावाला आम्ही आहोत तिथंच हवे. सरकारला फाइल आहे तशीच हवी. आणि या भल्या माणसाला आमचा फाटका स्पीकर धुळीसकट हवा, चिठ्ठी लावायला : "स्पीकर. मराठवाडा. दगडाने फाटलेला." दगड कुणाचा? अज्ञात.

वाजणारी हलगी, वाजणारं मशीन वेशीवर फोडायचं, आणि मुकं झालं की काचेमागं ठेवून तिकीट लावायचं. ही दोन वेगळी माणसं करतात, मला मान्य आहे. दगड मारणारा वेगळा, जपणारा वेगळा. पण जपणाऱ्याला फुटलेलाच माल लागतो, आणि कुणी फोडला हे चिठ्ठीवर लिहायची हिंमत नसते. तोवर त्याच्या हळहळीचं मी काय करू?

आता आपल्या घरातलं. तेही बोललं पाहिजे, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही.

आज्ज्याची हलगी भंगारात गेली ती कुणा पाटलानं घातली नाही. आमच्याच पोरांनी चुलत्याला सांगितलं, "फेक ती. गुलामीची खूण आहे." पोरं चुकली का? कसबे तडवळ्याला, आपल्याच धाराशिव तालुक्यात, २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदार परिषद झाली. बाबासाहेब स्वतः आले होते. वतन म्हंजे काय ते आज्ज्याला विचारायला हवं होतं. गावानं हाक मारली की हलगी घेऊन पळायचं. लग्न त्यांचं, मढं त्यांचं, दवंडी त्यांची. मोबदला म्हंजे शिळी भाकर. नाही म्हणायची सोय नाही. ते वाजवणं सोडलं ते बेस झालं. ते परत नको. ज्यांना 'लोकसंस्कृती'च्या नावाखाली ते परत हवंय त्यांनी आधी आपल्या घरच्या मढ्यापुढं स्वतः वाजवावं.

पण गुलामी हुकमात होती. कातड्यात नव्हती. हुकूम मोडायचा होता, आपण कडं मोडलं. आणि हलगी फेकून आणलं काय? भाड्याचा डीजे. ट्रकभर स्पीकर, मालक दुसराच, एका रात्रीचं भाडं वस्तीची वर्षभराची वर्गणी. छाती दणाणते, शब्द एक कळत नाही. वामनदादा कर्डक प्रौढपणी अक्षरं शिकला आणि गावोगाव हिंडून गायला. शेजारच्या बार्शीत जन्मलेला अमर शेख डफावर थाप मारून कामगारांपुढं उभा राहिला. त्यांच्या पाठीमागं ट्रक नव्हता, पुढं माणसं होती आणि शब्द पोचत होता. आवाज मोठा करणारं मशीन पाहिजेच, मी त्याच्या बाजूचा आहे. पण मोठं करायला आधी काहीतरी बोलावं लागतं. न्हावा-शेव्याला मी स्पीकरच्या पेट्या पाठीवर वाहिल्यात. आत काय आहे ते पेटीवर लिहिलेलं असतं. आपल्या मिरवणुकीच्या ट्रकवर काय लिहिलंय ते एकदा वाचा.

म्हणून दोस्तहो, माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्याच्या घरात हलगी, डफ, तुणतुणं, बेंजो, जुनं मशीन, कर्णा आहे त्यानं ते विकू नये, फेकू नये. आतल्या अंगाला ऑइलपेंटनं नाव लिहा. कुणी केलं, कुणी वाजवलं, कुठल्या साली घेतलं, कितीला घेतलं, कुणी फोडलं. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. वस्तीत एक तरी पोरगं सोल्डरिंग शिकलेलं असू द्या, एक तरी कातडं चढवायला शिकलेलं. काय वाजवायचं आणि कुणापुढं नाही वाजवायचं, ते आपण ठरवू. प्रदर्शन मांडायचंच असेल तर आपल्या वस्तीत मांडू. तिथं पाटी नसेल. पोरं वाजवून बघतील. एखादं कातडं फाटेल. फाटू द्या, नवं चढवू.

त्या माणसानं किती पैसे देऊ केले ते सांगतो, म्हंजे कुणी आम्हाला संत समजणार नाही. भावाच्या चार हप्त्यांएवढे होते. येताना एसटीत भाऊ काही बोलला नाही. येडशीपर्यंत आम्ही दोघंही गप्प. मला वाटलं, हा देणार. माझी काही म्हणायची छाती नव्हती, हप्ते मी फेडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून स्पीकरचा नवा पुठ्ठा आणला. जुना ब्लेडनं कापून काढला, नवा चिकटवला, वर वीट ठेवून रात्रभर सुकवला. सकाळी मशीन लावलं. आधी नुसती घरघर. आज्जी दारातून म्हणाली, "बोललं का रं?" खोक्याच्या आत त्यानं खिळ्यानं कोरून ठेवलंय : आज्ज्याचं नाव, स्वतःचं नाव, दगडाची तारीख. जुना फाटका पुठ्ठाही टाकला नाही, घरात खुंटीला अडकवलाय. तो आम्ही जपणार. त्याची चिठ्ठी आम्ही लिहिणार.

१४ एप्रिलच्या परवानगीचा अर्ज दिला आहे. वेळ लिहिली आहे, संध्याकाळी ५ ते १०. मार्गही लिहिला आहे. वेस त्या मार्गावरच आहे.