चिआंग माईत हॉटेल नको, पदार्थ शोधा

थायलंडला निघालेल्या माणसाचा फोन आला की बोलणं फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतं: “चिआंग माईत जेवायला चांगलं हॉटेल कुठलं?” बरीच वर्षं मी नावं सांगत होतो. आता सांगत नाही, कारण प्रश्नातच खोट आहे. खोट असलेल्या प्रश्नाला कितीही प्रामाणिक उत्तर दिलं तरी माणूस भलत्याच टेबलावर जाऊन बसतो, आणि परत आल्यावर सांगतो, “थाई जेवण काही खास नाही हो.”

माझं म्हणणं आधीच मांडतो. चिआंग माईत चांगलं जेवण हॉटेलावर अवलंबून नसतं. ते पदार्थावर, त्या पदार्थाच्या वेळेवर आणि तो जिथे रुजला त्या मोहल्ल्यावर अवलंबून असतं. या तीन गोष्टी कळल्या की दुकान आपोआप सापडतं. त्या न कळता दुकानांची यादी हातात घेतली, तर ती यादी कितीही मोठी असली तरी उपयोगाची नाही. याविरुद्ध जे चार पक्ष नेहमी मांडले जातात, ते एकेक करून पाहू.

पहिला पक्ष फोनवरच्या गुणांचा. नकाशा उघडायचा, ज्या हॉटेलाला सगळ्यात जास्त तारे असतील तिथे जायचं; हजारो माणसं मिळून कशी चुकतील? माझं उत्तर असं की ही माणसं चुकत नाहीत, ती वेगळ्याच गोष्टीला गुण देतात. हे गुण बहुतांशी परक्या देशातून आलेला पाहुणा देतो. मेनू इंग्रजीत होता का, पंखा होता की एसी, वाढणारा हसून बोलला का, कार्ड चाललं का, याचं समाधान तो नोंदवतो. त्यात खोटं काही नाही. पण ज्याने खाओ सोय हा इथला रस्सेदार नूडलचा पदार्थ आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ला, त्याला तो उत्तम होता की सुमार, हे कशाशी ताडून कळणार? शिवाय हे गुण अख्ख्या हॉटेलाला मिळतात, पदार्थाला नाही. मी स्वतः अशाच भरघोस गुणांच्या एका हॉटेलात ऐंशी पदार्थांच्या मेनूतून ग्रीन करी मागवली होती. आली ती गोडसर, पातळ आणि निर्जीव. दोष त्या स्वयंपाक्याचा कमी आणि माझा जास्त होता. ग्रीन करी मध्य थायलंडची. उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या बहुतेक रश्शांत नारळाचं दूध पडतच नाही. मी शहराला त्याचा नसलेला पदार्थ मागितला, आणि शहराने पाहुण्याचा मान राखून तो दिला.

दुसरा पक्ष मिशेलिन या हॉटेलांच्या मार्गदर्शिकेचा. तज्ज्ञ निरीक्षक गुपचूप येऊन जेवतात, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे? मिशेलिनची बँकॉकची पहिली मार्गदर्शिका 2017 च्या अखेरीस निघाली आणि 2020 च्या आवृत्तीत चिआंग माईचा समावेश झाला. या उपक्रमासाठी थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने पाच वर्षांकरता सुमारे 14 कोटी 40 लाख बाट मोजण्याचं ठरवलं होतं. यावरून तारे विकत घेतले असा आरोप मी करणार नाही. तसा कुठलाही पुरावा नाही. पण मार्गदर्शिका एखाद्या देशात येणं हा पर्यटनाच्या धोरणाचा भाग असतो, एवढं तरी यातून दिसतं. हेही मान्य करतो की कमी दरात चांगलं जेवण देणाऱ्या दुकानांसाठी मिशेलिनची जी ‘बिब गुर्मां’ ही नोंद आहे, तिच्यात चिआंग माईतली खाओ सोयची साधी दुकानं आहेत आणि ती खरोखर चांगली आहेत. माझी तक्रार नोंदीबद्दल नाही, ती वाचण्याच्या पद्धतीबद्दल आहे. त्या पाटीपाशी रांग लागते आणि त्याच रस्त्यावरचं, तोच पदार्थ तितक्याच मायेने करणारं दुसरं दुकान रिकामं राहतं.

दुकानांची शिफारस करण्याची थायलंडची स्वतःची परंपरा मिशेलिनच्या आगमनाहून जुनी आहे. 1961 मध्ये मोम राचावोंग थनादश्री स्वस्ती यांनी ‘शेल छुआन छिम’ सुरू केलं. छुआन छिम म्हणजे चाखायला बोलावणं. गावोगावच्या दुकानांवर त्याचं वाडग्याचं चिन्ह अजून दिसतं. थनादश्री दुकानाबरोबर तिथे काय खावं हेही सांगत. थाई माणूस आजही जेवणाबद्दल असाच बोलतो. अमुक दुकान चांगलं, एवढ्यावर तो थांबत नाही. अमुक दुकानातला अमुक पदार्थ, असं म्हणतो.

तिसरा पक्ष याच्या उलट टोकाचा, आणि तो मांडणारे स्वतःला जाणकार समजतात. त्यांचं म्हणणं, पर्यटक दिसले की तिथून निघावं; जिथे फक्त स्थानिक माणसं तेच खरं. ऐकायला हे मर्दानी वाटतं, पण टिकत नाही. चिआंग माईच्या चौकोनी खंदकाच्या उत्तरेला छांग फुआक नावाची वेस आहे. तिथल्या रात्रीच्या बाजारात काउबॉय टोपी घालून डुकराच्या शिजवलेल्या पायाचं मांस आणि भात विकणाऱ्या बाईंची गाडी जगभर माहीत झाली. अमेरिकी शेफ-लेखक अँथनी बोर्डेन यांच्या 2014 च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती दिसली. आज तिथे परदेशी पाहुण्यांची रांग असते आणि त्याच रांगेत दिवसभराचं काम संपवून आलेली चिआंग माईची माणसंही असतात. मोठ्या भांड्यात संथ शिजणारं मांस, सोबत उकडलेलं अंडं, मोहरीच्या पाल्याचं लोणचं आणि मिरची-व्हिनेगरची तिखट चटणी. एक पदार्थ, एक वेळ, एक जागा. प्रसिद्धीने तो बिघडला नाही, कारण त्याच्याभोवती ऐंशी पदार्थांचा मेनू उभा राहिला नाही. म्हणून कोण खातंय हे पाहण्यापेक्षा दुकान काय शिजवतंय ते पाहावं.

चौथा पक्ष आपल्या घरचा आहे. “आपण शाकाहारी, तिथे सगळ्यात मासळीचं पाणी; त्यापेक्षा भारतीय हॉटेल गाठावं.” यात अर्धं सत्य आहे आणि ते नाकारणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं. नाम प्ला, म्हणजे माशांपासून केलेला खारट रस, आणि कापी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, हे दोन्ही भाजीच्या पदार्थांतही सर्रास पडतात. पण उरलेलं अर्धं सत्य आपल्याकडे कुणी सांगत नाही. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात एक थाई अक्षरजोडी दिसते, इंग्रजी 17 आकड्यासारखी. तिचा उच्चार ‘जे’. हा शब्द चिनी बौद्धांच्या व्रताच्या आहारातून आला. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काही नसतंच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या नऊ दिवसांत, बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास, शहरभर या अक्षरांच्या पताका लागतात. एरवीही ‘जे’ दुकानं वर्षभर चालू असतात. कांदा-लसूण न खाणाऱ्या मराठी माणसाला यापेक्षा निर्धास्त जागा परदेशात क्वचितच मिळेल. दुसरा शब्द ‘मंगसविरात’. तो कानाला परका वाटला तरी मूळ संस्कृत ‘मांसविरति’ आहे. मंगसविरात दुकानात अंडं चालू शकतं, ‘जे’ दुकानात चालत नाही. हा एवढा फरक लक्षात ठेवला की पोट भरतं आणि व्रतही राखलं जातं.

एवढं खंडन झालं. आता मांडायचं ते मांडतो.

चिआंग माई म्हणजे बँकॉकची धाकटी आवृत्ती, हा समज आधी सोडावा लागतो. राजा मंगराय याने 1296 मध्ये हे शहर वसवलं आणि ते लान्ना राज्याची राजधानी झालं. 1558 पासून सुमारे दोनशे वर्षं इथे ब्रह्मदेशाची सत्ता होती. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वे पोहोचली, तोवर बँकॉक इथून फार लांब होतं. व्यापार चाले तो चीनमधल्या युन्नानहून खेचरांच्या तांड्यांनी आणि ब्रह्मदेशातल्या मोलमीन बंदराकडून. हा सगळा इतिहास ताटात उतरला आहे. आल्याचा आणि चिंचेचा, कोरड्या मसाल्याच्या पुडीचा गेंग हांग ले हा रस्सा ब्रह्मदेशाकडून आला. अंड्याच्या नूडल, त्यावर मसालेदार नारळाचा रस्सा, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल, सोबत मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चा छोटा कांदा आणि लिंबू, असं जे खाओ सोय, त्याचं नातं युन्नानच्या मुसलमान व्यापाऱ्यांशी जोडलं जातं. म्हणून खाओ सोय खायचं तर बान हॉ मशिदीच्या आसपास जावं, किंवा पिंग नदीपलीकडच्या फा हाम भागात, जिथे ही दुकानं जवळजवळ आहेत. मोहल्ला कळला की दुकान निवडणं अवघड राहत नाही. शेजारशेजारच्या दोन दुकानांत दोन दिवस खाऊन फरक स्वतःच्या जिभेने ठरवता येतो.

मग वेळ. खाओ सोय हे दिवसाचं खाणं आहे. कित्येक जुनी दुकानं दुपारी दोन-तीनला पातेलं रिकामं झालं की बंद होतात. संध्याकाळी सातला ‘चांगलं हॉटेल’ शोधत फिरणाऱ्या पाहुण्याला ती दुकानं दिसतही नाहीत, आणि रात्री उघडी असलेली जागाच त्याच्या यादीत येते. आपल्याकडे सकाळची मिसळ रात्री नऊला मागणाऱ्याला आपण काय सांगू, तेच त्यालाही सांगावं लागेल. सकाळ भाताच्या पेजेची, दुपार नूडलची, संध्याकाळ वेशीबाहेरच्या गाड्यांची, असा दिवस वाटून घेतला तर एका दिवसात तीन उत्तम जेवणं होतात, आणि तिन्ही मिळून एका एसी हॉटेलाच्या बिलापेक्षा स्वस्त पडतात.

आणि पदार्थ. इथे मराठी माणसाला एक मोठी सोय आहे, तिची जाणीव मात्र त्याला नसते. नाम प्रिक नुम ही भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे कुटून केलेली चटणी. ठेचा खाणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. गेंग खनुन हा कोवळ्या फणसाचा रस्सा. उत्तरेकडच्या लाप या खिमा-मांसाच्या पदार्थात मखवॅन नावाचा मसाला पडतो. तो कोकणातल्या आणि गोव्यातल्या माशांच्या आमटीत पडणाऱ्या तिरफळाच्या कुळातला आहे. नाम न्गिआव या टोमॅटोच्या आंबट रश्शात काटेसावरीच्या फुलांचे वाळवलेले केसर घालतात. आपल्याकडे माळावर हे झाड लाल फुलांनी बहरतं. इथला चिकट भात बोटांनी गोळा करून रश्शात बुडवून खातात, चमच्याची गरज पडत नाही.

एका शुक्रवारी सकाळी मी बान हॉ मशिदीजवळच्या आठवडी बाजारात गेलो. युन्नानी आणि शान समाजाचे विक्रेते पहाटेपासून बसलेले होते. एका बाईंनी वाडग्यात नूडलवर गरम, पिवळं, दाटसर काहीतरी ओतलं. त्याला ‘तोफू उन’ म्हणतात. हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या पिठापासून करतात. पहिला घास घेतला आणि हात थांबला. ते पिठलं होतं. फोडणी वेगळी, वर शेंगदाण्याचा कूट वेगळा, पण चव आजीच्या चुलीपाशी नेणारी. माझ्याकडच्या यादीतल्या एकाही हॉटेलात हा पदार्थ मिळाला नसता.

आता दोन आक्षेप. पहिला, “आमच्याकडे तीनच दिवस आहेत, एवढा अभ्यास कोण करणार?” उलट तीनच दिवस असतील तर वाया घालवायला जेवण उरत नाही. चार शब्द पाठ करावेत: काय म्हणजे कोंबडी, मू म्हणजे डुक्कर, नुआ म्हणजे गोमांस, आणि वर सांगितलेला ‘जे’. नुआ हा शब्द विशेष लक्षात ठेवावा, कारण मुसलमानी दुकानांत खाओ सोय गोमांसाचंही असतं. पाटीवर ‘आहान मुआंग’ लिहिलंय का, हे कुणालाही विचारता येतं. म्हणजे उत्तरेचं स्थानिक जेवण. ‘आहान’ हा आपला ‘आहार’च आहे. सकाळी वारोरोत बाजारात एक फेरी मारली तरी अर्धा अभ्यास होतो.

दुसरा आक्षेप पोटाच्या भीतीचा. ही भीती खरी आहे, पण तिचं उत्तर पांढऱ्या चादरीत नाही. एकच पदार्थ करणाऱ्या दुकानात रस्सा सतत उकळत असतो आणि माल रोज संपतो. ऐंशी पदार्थांच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कधीपासून फ्रीजमध्ये आहे, हे पाहुण्याला कळायची सोय नसते. बर्फ नळीसारखा गोल आणि मधे पोकळ असेल तर तो कारखान्यातला असतो. गर्दीच्या वेळी जा आणि डोळ्यांसमोर शिजलेलं खा, हा नियम पुरेसा आहे.

हे मी इतक्या आग्रहाने मांडतो, कारण पाहुणा जे मागतो तेच शहर त्याच्यासाठी शिजवू लागतं. सगळ्यांनी पॅड थाय आणि ग्रीन करीच मागितली, तर वेशीजवळच्या जागा त्याच पदार्थांना मिळतील आणि तोफू उनचं पातेलं शुक्रवारच्या कोपऱ्यातच राहील. उत्तर थायलंडच्या बोलीत चविष्ट म्हणायला ‘अरोय’ नाही, ‘लम’ म्हणतात. पुढच्या वेळी कुणी मला चिआंग माईचं हॉटेल विचारलं, तर मी उलट विचारणार आहे: तिथे कुठल्या वारी असाल, सकाळी किती वाजता उठाल, आणि तुम्हाला पिठलं आवडतं का?