जामीन राहा, यादी नको

‘काहीतरी चांगलं वाचायला सुचवा.’ वाचकांच्या कुठल्याही ग्रुपवर हे वाक्य पडलं की पुढच्या अर्ध्या तासात काय होणार, हे आता पाठ झालंय. मृत्युंजय. ययाति. स्वामी. श्यामची आई. मध्येच कुणीतरी व्यक्ती आणि वल्ली टाकतं, त्यावर हसरे चेहरे उमटतात. मग पुन्हा मृत्युंजय, कारण लिहिणाऱ्यानं वरचं काही वाचलेलंच नसतं. शेवटी कुणीतरी विचारतं, ‘पीडीएफ आहे का कुणाकडं?’ आणि विषय मिटतो. ज्यानं विचारलं तो बापडा ‘सर्वांचे आभार’ म्हणून हात जोडतो. त्याच्या पदरात पडलं काय? सातवीत असल्यापासून माहीत असलेली चार नावं.

या नावांवर कोल्हापूरकरानं रागवायचं म्हणजे घरच्याच माणसांवर रुसल्यासारखं आहे. शिवाजी सावंत आजऱ्याचे. कोल्हापुरात राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते, आणि त्याच काळात, 1967 मध्ये, त्यांची मृत्युंजय आली. रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. त्यांची स्वामी 1962 ची. वि. स. खांडेकर 1938 मध्ये शिरोड्याहून कोल्हापूरला आले ते इथलेच झाले. त्यांची ययाति 1959 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1974 चं ज्ञानपीठ, मराठीला मिळालेलं पहिलं ज्ञानपीठ, तिनं आणलं. उभ्या महाराष्ट्राला निम्म्या शिफारशी आपल्या जिल्ह्यानं पुरवल्यात म्हटलं तरी चालेल.

तेव्हा पुस्तकांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती सुचवण्याच्या रीतीबद्दल. पुस्तक सुचवणं म्हणजे पतसंस्थेच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही करणं आहे. ती सही करताना आपण नुसतं कर्ज चांगलं की वाईट एवढंच बघत नाही. घेणारा कोण, करतो काय, त्याला हे झेपेल का, हे विचारतो. कारण तो बुडाला तर हप्ता आपल्या पगारातून जाणार असतो. पुस्तकाच्या बाबतीत समोरच्याचे दहा-बारा तास आपल्या शब्दावर खर्च होतात. तरी कोण वाचणार आहे याची चौकशी न करताच आपण धडाधड सह्या ठोकत सुटतो.

खांडेकरांनीच अशी एक सही केली होती. नाशिकच्या एका तरुण कवीच्या कविता त्यांना आवडल्या. आवडल्या तर चार लोकांना पत्रं लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी पदरचे पैसे घालून त्या कवितांचं पुस्तक काढलं आणि त्याला स्वतः प्रस्तावना लिहिली. साल 1942, संग्रह विशाखा, कवी कुसुमाग्रज. तेव्हा कुसुमाग्रजांनी नुकती तिशी गाठली होती आणि खांडेकर महाराष्ट्रभर वाचले जाणारे लेखक होते. संग्रह पडून राहिला असता तर पैशांबरोबर शब्दही बुडाला असता. पुढं त्या कवीलाही ज्ञानपीठ मिळालं, त्यामुळं आज ही गोष्ट सोपी वाटते. 1942 मध्ये ती सोपी नव्हती.

एवढी मोठी सही सगळ्यांना परवडत नाही, हे खरं. पण लहान सह्यांची कोल्हापूरला जुनी सवय आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना 1850 ची, म्हणजे अठराशे सत्तावनच्याही आधीची. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशात पहिला कायदा केला तो कोल्हापूर संस्थानानं, 1945 मध्ये. मद्रासचा कायदा तीन वर्षांनी आला आणि महाराष्ट्राचा यायला 1967 उजाडलं. तालमी, कुस्ती आणि फुटबॉलबद्दल छाती फुगवणारे आपण या गोष्टीचा उल्लेखही करत नाही, याचं मला नवल वाटतं.

पण कायद्यानं कपाटं येतात, अनुदान येतं, अ-ब-क-ड वर्ग ठरतात. कुणी काय वाचावं हे ठरतं ते देवघेवीच्या खिडकीवर. आमच्या लहानपणी तिथं बसणारे काका आधी पुस्तकाकडं बघायचे, मग आमच्याकडं. ‘हे नको न्हेऊस. झोप यील तुला. त्यापरीस हे ने,’ म्हणून खालच्या फळीवरचं काहीतरी पुढं सरकवायचे. मागच्या वेळी आपण काय नेलं, ते किती दिवसांत परत आणलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. चार दिवसांत परत आलेलं जाडजूड पुस्तक त्यांना दोन गोष्टी सांगायचं: एक तर पोरानं झपाटून वाचलंय, नाहीतर उघडलेलंच नाही. यातलं खरं कुठलं, ते आमचा चेहरा बघून त्यांना कळायचं.

ग्रंथालयाच्या पुस्तकांत दुसरी एक शिफारस सापडायची, ती पेन्सिलीनं लिहिलेली. पुस्तकावर लिहू नये अशी पाटी समोर लावलेली असताना लोक बिनदिक्कत लिहायचे. ‘वाचनीय.’ ‘शेवट पटला नाही.’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘तुम्हाला कळला नाही.’ रहस्यकथेच्या बाराव्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारे नतद्रष्टही होते, त्यांची गणना वेगळी. पण समास भरलेलं पुस्तक हातात आलं की हे बऱ्याच हातांतून फिरलंय, एवढी खात्री पटायची. सुहास शिरवळकरांची दुनियादारी 1982 ची. तिच्यावर सिनेमा निघाला 2013 मध्ये. मधली तीस वर्षं कॉलेजच्या पोरांनी ती एकमेकांच्या हातात देऊन जिवंत ठेवली. त्यातल्या कुणीही तिच्यावर परीक्षण लिहिलं नाही. ‘वाच, मग बोलू’ एवढंच म्हणून पुस्तक दिलं.

कोल्हापुरातलंच एक उदाहरण याहून मोठं आहे. गोविंद पानसरे यांचं ‘शिवाजी कोण होता?’ हे लहानसं पुस्तक 1988 मध्ये आलं. एका भाषणातून तयार झालेलं, किंमत अगदी कमी, पानं एका बैठकीत संपतील इतकी. आजवर त्याच्या लाखांवर प्रती गेल्या, अनेक भाषांत अनुवाद झाले. हे पुस्तक वाढलं ते सभेत, मोर्चात, शिबिरात, हातातून हातात. ज्यांनी ते पुढं दिलं त्यातले कितीतरी लोक स्वतःला वाचक म्हणवून घेत नसतील. फेब्रुवारी 2015 मध्ये पानसरे यांची हत्या झाल्यावर तर ते आणखी मागितलं गेलं. आपण देतो ते पुस्तक कुणाच्या हातात पडणार आणि त्याला त्याची गरज का आहे, हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून हे घडलं.

आणि समोरचा माणूस ओळखण्याचं याहून मोठं उदाहरण मराठीत शोधायचं तर केळुसकर गुरुजींचं. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेत भरला. पुढं तो मॅट्रिक झाला. त्याच्या सत्काराच्या सभेत गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं. तो मुलगा भीमराव आंबेडकर. बुद्धाकडं आपण कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी उतारवयात या पुस्तकाची आठवण लिहून ठेवली आहे. सत्काराला शाल देतात, नारळ देतात. गुरुजींनी त्या मुलासाठी नेमकं ते पुस्तक दिलं.

आता कुणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची उदाहरणं झाली, फोनवरच्या ग्रुपला कशाला झोडपता? झोडपत नाही. गारगोटीच्या पुढं एखाद्या वाडीत राहणाऱ्या, वाचायची ओढ असलेल्या सुनेला पुस्तकाच्या दुकानात जायचं तर एसटीनं कोल्हापूर गाठावं लागतं. तिच्या फोनवर रोज दोन पुस्तकांची नावं येत असतील तर ती लहान गोष्ट नाही. परदेशातल्या मराठी घरांचंही तेच. आणि पूर्वी ‘ललित’ मासिकात चोखंदळ वाचकांची निवड छापून यायची, तिची आपण वाट बघायचो. आता निवड सांगायला चोखंदळ असावं लागत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

पण ती सून जेव्हा विचारते, ‘सासरी मन रमत नाही, काय वाचू?’ तेव्हा तिला मृत्युंजय सांगणारा माणूस तिचं ऐकतच नसतो. तो आपण काय वाचलंय ते जाहीर करत असतो. चहाच्या कपाशेजारी ठेवलेल्या मुखपृष्ठाच्या फोटोंचंही असंच. कप कसा आहे ते दिसतं, पुस्तक कसं आहे ते कळत नाही.

पीडीएफबद्दलही एकदा स्पष्ट बोललेलं बरं. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची निघते, अलीकडं त्याहूनही कमी. तेवढ्या प्रती खपायला कधी कधी वर्षं जातात. अशा पुस्तकाची चोरटी प्रत तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकायची आणि वर ‘मराठी वाचवा’ म्हणायचं, हा कुठला न्याय? परवडत नसेल तर ग्रंथालय आहे. अनामत भरा, वर्गणी भरा. मागणीच्या वहीत पुस्तकाचं नाव लिहा. चार सभासदांनी एकच नाव लिहिलं तर ग्रंथालय ते पुस्तक घेण्याचा विचार करतं आणि लेखकाची एक प्रत रीतसर खपते.

माझं म्हणणं एवढंच. सुचवायचं तर एका वेळी एकच पुस्तक, आणि एकाच माणसाला. ते कुणासाठी आहे ते सांगा, कुणाला आवडणार नाही तेही सांगा. पहिली चाळीस पानं जड असतील तर तशी कल्पना द्या. आणि ज्याच्यासाठी कुणीच सही करत नाही असा एखादा लेखक निवडा. मृत्युंजयला आता तुमच्या-माझ्या सहीची गरज उरलेली नाही.

दुसऱ्यांना सांगतोय तर मीही सही करतो. ज्याच्या बापानं शाळा सोडून शेतात ये म्हटलं होतं, अशा प्रत्येकानं कागलच्या आनंद यादव यांचं झोंबी वाचावं. बापाबद्दल गोड गोड वाचायचं असेल तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसरं, ज्यांचं गाव धरणात गेलं, किंवा ज्यांच्या पाहुण्यांत असं कुणी आहे, त्यांनी पन्हाळा भागातून आलेल्या कृष्णात खोत यांची रिंगाण घ्यावी. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. गाव उठतं, जनावरं मागं राहून रानटी होतात आणि त्यातली एक म्हैस आणायला माणूस परत जातो. बोली अस्सल आहे, कथा सावकाश चालते. बसमध्ये फोन चाळता चाळता वाचायचं हे पुस्तक नाही. पावसाळ्यात शेतीची कामं उरकल्यावर दोन दुपारी काढाव्या लागतील.

रिंगाण आवडली नाही तर मला खुशाल शिव्या घाला, जामीनदाराला तेवढं सोसावंच लागतं. आवडली तर मला कळवायची गरज नाही. ज्याचं गाव गेलंय अशा कुणाच्या तरी हातात तुमची प्रत द्या, आणि ती परत मागू नका.